चुकलेलं नाणं की वेगळं नाणं?

डोंबिवली स्टेशनाबाहेर शेअर रिक्षातून उतरताना दहाचं नाणं पुढे केलं, की 'हे नको, नोट द्या' असं अजूनही कधीमधी ऐकावं लागतं. एका नाण्यावर रुपयाचं चिन्ह आणि दहा रेघा. दुसऱ्यावर चिन्हच नाही आणि रेघा पंधरा. म्हणजे एक खोटं असणार! अखेर जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने खुलासा केला: दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले आहेत आणि सगळेच चालतात.

ठरवून बदललेली रचना तो नमुना. संग्राहकांचा खरा खल चालतो तो एरर आणि व्हरायटी या दोन गोष्टींवर.

मोदकाच्या साच्याची एक पाकळी मोडकी असेल, तर त्यातून निघणारा प्रत्येक मोदक तसाच येतो. काढताना एखादा दबला, तर तो एकटाच बिघडतो. पहिली व्हरायटी, दुसरा एरर.

टांकसाळीत धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली जाते. चकती सरकली, की छाप एका अंगाला जातो: हा एरर. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा छाप उमटतो आणि दुसऱ्या बाजूला तोच छाप उलटा, खोलगट. अशा नाण्याला 'लाखी' म्हणतात. जुने व्यापारी ते शुभ मानून तिजोरीत जपत.

व्हरायटीसाठी मुंबईच्या टांकसाळीचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया पाहावा. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर सन १८६२च राहिला. मात्र ठशांवर बारीक ठिपके कोरले जात: काही वरच्या नक्षीजवळ, काही सनाखाली. भिंगाखाली वरचे किती, खालचे किती हे मोजायचं, की एकाच सनाच्या रुपयाच्या अनेक व्हरायटी निघतात.

हाताने पाडलेल्या शिवराईपाशी, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्यापाशी, मात्र हा हिशेब बदलतो. हातोड्याच्या घावाखाली 'श्री राजा शिव'मधलं एखादं अक्षर कडेबाहेर जाणं नेहमीचंच, त्याला कुणी एरर म्हणत नाही. पण 'शिव' ऱ्हस्व की दीर्घ, मागच्या बाजूला 'छत्रपति' की 'छत्रपती' हा फरक ठशातला. म्हणून ठाणे-कल्याणच्या एखाद्या जुन्या घरातल्या डब्यात शिवराई सापडली, तर जाणकार आधी अक्षरं वाचतो. छाप मधोमध आहे का, हे किंमत ठरवताना बघतो.