सहल राष्ट्रपती भवनाची, तयारी घराघरांतली

शाळेच्या सहलीचा कागद घरी आला की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. खर्च किती? आणि मुलगी असेल तर, तिला पाठवायचे का? मुले तिथे नेमके काय पाहणार, हा प्रश्न क्वचितच निघतो. मग वॉटर पार्क, डबा, फोटो आणि रात्री घरी, एवढ्यावर सहल आटोपते. आठवी-नववीच्या मुलांना एकदा तरी दिल्लीला न्यावे आणि राष्ट्रपती भवन व तेथील संग्रहालय दाखवावे, असे आम्ही सुचवतो. लाल किल्ला, कुतुबमिनार अवश्य पाहावेत. पण ती राजा-बादशहांची कहाणी झाली. राष्ट्रपती भवन मात्र आजही चालू असलेले घर आहे आणि त्याचे मालक आपण सारे नागरिक आहोत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे वाचणे वेगळे आणि त्या दारातून आत जाणे वेगळे.

निघण्यापूर्वी मुलांना या वास्तूची गोष्ट सांगा. 1911च्या दिल्ली दरबारात राजा पंचम जॉर्जने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली आणि व्हाइसरॉयसाठी हा वाडा बांधायला घेतला गेला. आराखडा एडविन लुटियन्सचा. 1912 ते 1929 असे काम चालले. चार मजले, 340 खोल्या, सुमारे 70 कोटी विटा आणि 30 लाख घनफूट दगड. घुमटावर सांचीच्या स्तूपाची छाप दिसते; जाळ्या, छज्जे आणि छत्र्या आपल्या जुन्या इमारतींतून आल्या. मुख्य इमारतीचे बहुतेक काम हारून अल रशीद या कंत्राटदाराने केले, तर पुढच्या प्रांगणाचे काम सुजान सिंग आणि शोभा सिंग या पितापुत्रांनी. मागच्या बागेचे नाव 2023मध्ये अमृत उद्यान झाले. तिची मोगल धाटणीची आखणी आणि पाण्याचे पाट आजही पाहता येतात. लॉर्ड आयर्विन इथे राहायला आले. त्यानंतर दोन दशकांच्या आतच, 15 ऑगस्ट 1947 रोजी, इथल्याच दरबार हॉलमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली. साम्राज्य कायमचे टिकेल असे समजून बांधलेल्या घरात त्याचे वारस इतक्या लवकर बदलले, हे मुलांना जरूर सांगावे.

मग या घरात राहून गेलेल्या माणसांविषयी बोला. डॉ. झाकीर हुसेन मुळात शिक्षक. 29व्या वर्षी जामिया मिल्लियाची जबाबदारी त्यांनी घेतली आणि 1926 ते 1948 अशी 22 वर्षे ती संस्था पैशांच्या टंचाईतही उभी ठेवली. 1967मध्ये ते राष्ट्रपती झाले, पदावर असतानाच 3 मे 1969 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या परिसरात आहे. वेळ असेल तर तिथेही जाऊन फातिहा पढावी. फखरुद्दीन अली अहमद यांनी जून 1975मध्ये आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. ही बाजूही मुलांपासून लपवू नये. एका सहीने काय काय बदलते, राष्ट्रपतींनी कोणाचा सल्ला मानायचा, यावर वर्गात चर्चा व्हावी. केवळ अभिमान बाळगून नागरिक घडत नाही, त्याला प्रश्नही विचारता आले पाहिजेत. आणि आपल्या मुलींना प्रतिभाताई पाटील यांच्याविषयी सांगा. जळगाव जिल्ह्यातली मुलगी 2007मध्ये या घरात देशाची पहिली महिला राष्ट्रपती म्हणून आली.

डॉ. कलाम यांच्याविषयी त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी लिहून ठेवले आहे. 2002च्या रमजानमध्ये कलामांनी राष्ट्रपती भवनातली इफ्तार पार्टी बंद केली आणि तो पैसा अनाथाश्रमांकडे वळवला. पुढे त्यांचे 50हून अधिक नातेवाईक पाहुणे आले, तेव्हा त्यांच्या राहण्या-जेवण्याचे 3 लाखांहून अधिक रुपये त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले. संग्रहालयात 1911च्या दरबारातली पंचम जॉर्जची चांदीची खुर्चीही आहे, वजन 640 किलो. त्या खुर्चीसमोर उभे राहून मुलांना कलामांची ही गोष्ट आठवली, तर सहल कारणी लागली म्हणायची.

आता तयारीचे. जूनमध्ये पालक-शिक्षक सभेत विषय काढा. राष्ट्रपती भवनाची मुख्य इमारत आणि संग्रहालय यांची नोंदणी वेगवेगळी करावी लागते. ती राष्ट्रपती भवनाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते. वेळा, शुल्क आणि सामान ठेवण्याचे नियम तिथेच पाहावेत. संग्रहालय सोमवारी बंद असते. शुक्रवार शक्यतो जामा मशिदीसाठी ठेवावा, म्हणजे जुम्याची घाई होत नाही. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीत धुके दाटते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. बाग साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये खुली होते, पण परीक्षा आणि रमजानची तारीख पाहूनच बेत ठरवावा. रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी सुरू होते. विद्यार्थ्यांच्या सवलतीची चौकशी स्टेशनवर त्याआधीच करून ठेवावी.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ओळखपत्रांचा. आपल्या मुलांच्या आधार कार्डावर मोहम्मद, शाळेच्या दाखल्यावर मुहम्मद आणि शिक्षकांच्या यादीत नुसते मो. असे सर्रास आढळते. शेख आणि शैख, फातिमा आणि फातेमा, तोच प्रकार. नोंदणीतले नाव ओळखपत्राशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. दुरुस्ती करायची असेल तर ती जूनमध्ये करा. सुरक्षेच्या दारात एखादे मूल रडवेले होऊन बाजूला उभे राहणे कोणालाही नको आहे.

राहिला मुलींचा प्रश्न. अम्मी-अब्बांची काळजी खोटी नसते. ती रागावून दूर होत नाही, व्यवस्थेने दूर होते. सोबत पुरेशा शिक्षिका असाव्यात, दोन-तीन आयांनाही घ्यावे. मुक्कामाची जागा, जेवण हलाल कुठे मिळेल, नमाज कुठे पढता येईल आणि कोणाचा फोन रात्री चालू राहील, हे सारे एका कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावे. पैशांसाठी दरमहा थोडी रक्कम साठवावी. ज्यांना जमते त्यांनी आणखी एका मुलाचा खर्च उचलावा आणि ते नाव मुख्याध्यापकांपाशीच राहावे.

संग्रहालयात आठ-दहा मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाला तीनच प्रश्न द्या. कोणती वस्तू आवडली? ती कोणाच्या पैशातून आली? इथे तुम्ही राहायला आलात तर पहिले काम कोणते कराल? उत्तरे मुलांनी घरी येऊन दस्तरखानावर सांगावीत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मुलगी देत असेल तर मध्येच कोणी हसू नये. ती काय म्हणते ते पूर्ण ऐकावे.