मेघनेच्या काठावर थांबायचं होतं

कॉलेजात युद्धशास्त्रावर बोलायला गेलो की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. सर, लढाईत शौर्य मोठं की शस्त्र? माझी सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये झाली. लढणाऱ्यांपर्यंत पीठ, डाळ आणि डिझेल पोचवणारं हे खातं. त्यामुळे मी आधी १९७१ सालच्या पूर्व पाकिस्तानचा नकाशा फळ्यावर लावतो आणि मुलांना फक्त नद्या बघायला सांगतो. पश्चिमेकडून पद्मा, उत्तरेकडून जमुना, पूर्वेला मेघना. मधल्या बेचक्यात ढाका. कुठूनही निघा, ढाक्याला पोचायचं तर मोठं पाणी ओलांडायलाच हवं.

आता विचार करा, या प्रदेशात पावसाळ्यात युद्ध सुरू केलं असतं तर काय झालं असतं? एप्रिल १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते आणि दिल्लीत घाई होती. लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांनी मंत्रिमंडळासमोर सरळ सांगितलं की आत्ता नाही. पाऊस तोंडावर होता, हिमालयातल्या खिंडी मोकळ्या असल्याने चीन उतरण्याची भीती होती, आणि फौजा देशभर विखुरलेल्या होत्या. हिवाळ्यात खिंडी बर्फाने बंद होतात, नद्यांचं पाणी उतरतं. युद्ध कधी करायचं, कशासाठी करायचं आणि तोवर कोणाला मित्र करून ठेवायचं, हे ठरवणं म्हणजे रणनीती. ऑगस्टमध्ये सोव्हिएत युनियनशी झालेला करार याच तयारीतला. माझ्या मते या युद्धातला सर्वांत धाडसी निर्णय हा थांबण्याचाच होता. वरिष्ठांना आवडणार नाही असं खरं बोलणं ही सेनापतीची पहिली जबाबदारी आहे, आणि ती पार पाडणारे थोडे असतात.

त्या सात-आठ महिन्यांत काय झालं, हे पुस्तकांत दोन ओळींत आटपतं. मला मात्र तिथे रेंगाळावंसं वाटतं. त्रिपुरात तेव्हा रेल्वे फक्त धर्मनगरपर्यंत होती, तीही मीटर गेज. पुढे आगरतळ्यापर्यंत डोंगरातला वळणांचा रस्ता. एका कोअरचा, म्हणजे तीन डिव्हिजनचा दारूगोळा, इंधन, पुलांचं सामान, रेशन या एवढ्याशा नळीतून पुढे न्यायचं होतं. भर पावसात रस्ते दुरुस्त करत, ट्रकमागून ट्रक सोडत हजारो टनांचे साठे सीमेजवळ उभे राहिले. सैन्य कुठून घुसणार हे सेनापती बाणांनी दाखवतो, पण तो बाण किती लांब जाणार हे मागचा साठा ठरवतो. बाण काढणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर त्याची योजना कागदावरच राहते.

पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी सीमेलगतच्या शहरांचे किल्ले केले होते. जेसोर, बोग्रा, जमालपूर, सिल्हेट, कोमिला, भैरव बाजार. भारतीय सैन्य एकेका किल्ल्यावर डोकं आपटेल, त्यात आठवडे जातील, तोवर संयुक्त राष्ट्रांत युद्धबंदी होईल, असा त्यांचा हिशोब. मोठे रस्ते या किल्ल्यांतूनच जात होते, त्यामुळे तो अगदीच चुकीचा नव्हता. आपल्या फौजांनी जमेल तिथे किल्ल्याला वेढा घालायचा, थोडं सैन्य तिथे ठेवायचं आणि उरलेल्यांनी बाजूच्या कच्च्या वाटेने पुढे सटकायचं असं धोरण धरलं. कच्च्या वाटेवर तोफा अडतात. तिथे गावकरी आणि पाकिस्तानी लष्कराशी लढणाऱ्या बंगाली मुक्तिवाहिनीचे तरुण सायकलरिक्षा, होड्या घेऊन आले, डोक्यावरून गोळे वाहून नेले. लोक आपल्या बाजूचे असणं याची किंमत टनांत मोजता येते, ती अशी.

पूर्वेकडच्या चौथ्या कोअरचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल सगत सिंग. त्यांना दिलेलं काम मेघनेच्या पूर्व काठापर्यंतचं होतं. ९ डिसेंबरला त्यांची ५७ माउंटन डिव्हिजन आशुगंजला भिडली, तेव्हा पाकिस्तान्यांनी मेघनेवरचा मोठा रेल्वेपूल उडवला आणि पलीकडे भैरव बाजारात ठाण मांडून ते वाट बघत बसले. समोर जवळपास किलोमीटरभर रुंद पाणी. कामाची हद्द इथेच संपत होती.

लष्करात हुकूम देताना उद्दिष्टाचं वाक्य दोनदा वाचून दाखवायची पद्धत आहे. बाकीचं विसरलं तरी चालेल, हे विसरायचं नाही, म्हणून. सगत सिंगांनी दिलेल्या हद्दीपलीकडचं उद्दिष्ट ओळखलं होतं: ढाका पडलं की युद्ध संपतं. त्यांनी पुलाचा नाद सोडला, भैरव बाजारही सोडलं. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी त्याच संध्याकाळपासून ४ गार्ड्सचे जवान नदीपार, दक्षिणेला रायपुरा भागात उतरवायला सुरुवात केली. या हेलिकॉप्टरात साधारण चौदा-पंधरा सशस्त्र जवान मावतात. डझनभर हेलिकॉप्टरं, रात्रंदिवस खेपा. अंधारात उतरायची जागा कळावी म्हणून जमिनीवर टॉर्च लावलेले. काही रणगाडे पोहत निघाले, इंजिन तापून मध्येच थांबले, ते गावच्या होड्यांनी ओढून नेले. नरसिंगदी हाती आलं आणि ढाक्याची वाट मोकळी झाली.

मुलं इथे टाळ्या वाजवतात. मी त्यांना थांबवतो, कारण याला कोणी जुगार म्हटलं तर मला पटत नाही. हवाई दलाने ढाक्याचा तेजगाव विमानतळ पहिल्या काही दिवसांतच निकामी केला होता, म्हणून हेलिकॉप्टरांना आकाशात शत्रू नव्हता. ७ डिसेंबरला सिल्हेटजवळ याच पद्धतीने गुरखा पलटण उतरवून झाली होती. उतरायच्या जागा बघायला सगत सिंग स्वतः उडाले. अशा एका फेरीत त्यांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, वैमानिक जखमी झाला. माहिती मागवून खुर्चीत बसणाऱ्याला हा निर्णय घेता आला नसता.

दिलेल्या कामाच्या पुढे जाण्याचं हेच त्यांनी दहा वर्षं आधी गोव्यातही केलं होतं. डिसेंबर १९६१मध्ये मुख्य जबाबदारी १७ इन्फन्ट्री डिव्हिजनची, आणि दोडामार्गाकडून येणाऱ्या सगत सिंगांच्या ५० पॅरा ब्रिगेडला दुय्यम काम. पोर्तुगिजांनी पूल उडवले होते, तरी वाट काढत १९ डिसेंबरच्या सकाळी पणजीत आधी पोचली ती हीच ब्रिगेड. तिच्यात आपल्या मराठा पोरांची २ पॅरा पलटणही होती.

तीच २ पॅरा ११ डिसेंबर १९७१च्या संध्याकाळी टांगाईलजवळ पॅराशूटने उतरली. जमालपूर, मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पूंगली पुलावर तोडायची होती. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून जमिनीने आलेली १ मराठा लाइट इन्फन्ट्री तिला येऊन मिळाली. आकाशातून आलेले आणि रस्त्याने आलेले, दोन्हीकडे मराठी बोलणारे जवान. ढाक्यात प्रथम शिरण्याचा मानही २ पॅराला मिळाला.

१६ डिसेंबरला नियाझींनी सही केली, सुमारे ९३ हजार युद्धकैदी झाले. भैरव बाजारची शिबंदी तोवर आपल्या खंदकांतच होती. तिला हरवायची गरज पडलीच नाही.