शिसे कोठे शिजते?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून वावरणाऱ्या मंडळींना धातूंची ओळख आम्ही करून द्यावयास नको. ओतशाळेतले लोखंड, मोटारीतली तांब्याची तार, बॅटरीतले शिसे हे नित्याचेच. हे सारे खाणीतून येते, हे खरे. परंतु पृथ्वीने ते घडविलेले नाही. ज्या धूलिमेघातून पृथ्वी झाली, त्यात ते आधीच होते.

मोठ्या ताऱ्याच्या पोटात हलके अणुगर्भ एकमेकांत मिळून जड होत जातात. हायड्रोजनचे हेलियम, हेलियमचा कार्बन, असे थेट लोखंडापर्यंत. प्रत्येक पायरीस उष्णता मिळते, म्हणून भट्टी पेटती राहते. लोखंडापुढे मात्र हिशेब उलटतो. मिळकत संपते आणि गाठची उष्णता खर्ची पडू लागते. लोखंडाच्या अणुगर्भात प्रोटॉन २६, शिशाच्या ८२. मग मधली वाट कशी चालली जाते?

याची सविस्तर मांडणी १९५७ साली बर्बिज दांपत्य, फाउलर आणि हॉइल यांनी केली. (हे हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू.) न्यूट्रॉनवर विद्युद्भार नसतो, म्हणून अणुगर्भ त्यास दूर लोटीत नाही. लोखंड एकेक न्यूट्रॉन गिळते. अंगी जास्त झालेल्या न्यूट्रॉनचा प्रोटॉन बनतो आणि मूलद्रव्य एक घर पुढे सरकते. म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांत हे सावकाश चालते. पुरावा १९५२ सालीच मेरिल यांस मिळाला होता. अशा काही ताऱ्यांच्या प्रकाशात त्यांना टेक्नेशियम दिसले. हे द्रव्य काही लाख वर्षांत निम्मे होते. ताऱ्यांचे वय त्याहून कितीतरी अधिक. अर्थात ते तेथेच, नुकते बनलेले!

आता मौज पाहा. अतिप्राचीन ताऱ्यांत लोखंड अत्यल्प, तरी काहींत शिसे उदंड. न्यूट्रॉन सुटतात ते हेलियम व जड कार्बन यांच्या टकरीतून. ही द्रव्ये तारा स्वतःच बनवितो, त्यास जुन्या लोखंडाची गरज नाही. पंगत लहान आणि बुंदी तेवढीच, तर प्रत्येकाच्या पानात ढीग पडणारच! मोजके लोखंडी अणुगर्भ मग भराभर न्यूट्रॉन गिळीत शिशापर्यंत जाऊन पोहोचतात. असे तीन तारे २००१ साली जाहीर झाले. त्यांतले शिसे मात्र त्यांचे स्वतःचे नव्हे. जोडीदार ताऱ्याने म्हातारपणी ते त्यांच्यावर ओतले.

शिसे-बिस्मथपुढे ही सावकाश वाट बंद. युरेनियम, आणि बहुतेक सोनेही, न्यूट्रॉनांच्या एकदम भडिमारातून होते. न्यूट्रॉन ताऱ्यांची तशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी टिपली गेली. तिच्या मागाहून आलेल्या रेडिओलहरी ज्यांनी ऐकल्या, त्यांत चाकणहून नाशिकच्या रस्त्याने गेल्यावर नारायणगावाजवळ लागणारी खोडदची दुर्बीणही होती.