पंख त्यांचे, खाचर आपले

पुणे जिल्ह्यातल्या मावळात, कामशेतच्या आसपास तुमची शेती किंवा सोयरीक असेल, तर मी कशाविषयी लिहितो आहे हे निराळे सांगायला नको. दिवाळी झाली, भात खळ्यावर आले, की डोंगराच्या माथ्यावरून रंगीत पंख हवेत उठू लागतात. घटका-दोन घटका तसेच तरंगतात आणि मग कुणाच्या तरी मोकळ्या खाचरात अलगद उतरतात. गावात कोणी त्याला छत्री म्हणते, कोणी विमान. त्याचे नाव पॅराग्लायडर. ज्यांच्या गावी ही मंडळी अजून पोचलेली नाहीत त्यांनीही पुढचे वाचावे. डोंगर, वारा आणि मोकळे रान जिथे आहे, तिथे ती आज ना उद्या यायचीच.

ह्या पंखाला इंजिन नसते. नायलॉनच्या कापडाचे दोन थर, मध्ये उभे पडदे शिवून केलेले कप्पे, आणि पुढची कड उघडी. वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. एका माणसाचा पंख साधारण २२ ते २८ चौरस मीटर, म्हणजे अंदाजे पाव गुंठा. खाली दोऱ्यांना पट्ट्यांची खुर्ची, आणि दोन हातांत दोन मुठी. उजवी ओढली की उजवीकडे वळते, डावी ओढली की डावीकडे. सगळे सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावते आणि वजन जेमतेम वीस किलोच्या आत-बाहेर, खताच्या अर्ध्या गोणीइतके. शांत हवेत पंख एक मीटर खाली येताना आठ-दहा मीटर पुढे जातो. वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. ह्यापेक्षा वारा जोराचा असला तर पंख पुढे जाण्याऐवजी मागे ढकलला जाईल, म्हणून तशा दिवशी ही माणसे डोंगरावर नुसती बसून राहतात. नवख्याला वाटते, आली कशाला मग? पण वाऱ्याची वाट पाहणे हा ह्या छंदाचा अर्धा भाग आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या आपल्याला ते समजायला हरकत नसावी.

हा खेळ फार जुना नाही. फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात मिएसी नावाचे गाव आहे. १९७८ साली तिथे तीन पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगराच्या उतारावरून धावत जाऊन पॅराशूट उडवून पाहिले आणि खाली दरीत सुखरूप उतरले. विमानाचा खर्च वाचवावा, हा त्यातला साधा हिशेब. त्याच गावात पुढे ह्या खेळाचा पहिला क्लब निघाला. तो दूधदुभत्याचा मुलूख. उन्हाळ्यात कुरणात वाढलेले गवत कापून वाळवायचे आणि बर्फाच्या दिवसांत गाईंना घालायचे, अशी तिकडची रीत. म्हणून तिकडच्या क्लबांतून नव्या माणसाला सुरुवातीलाच बजावतात, की उंच वाढलेल्या गवतात उतरायचे नाही. वरून ते नुसते हिरवे रान दिसते, पण शेतकऱ्याची ती वर्षाची वैरण असते.

आता इंजिन नसताना पंख वर कसा चढतो, ते पाहू. दोन मार्ग आहेत. पहिला डोंगराचा. समोरून आलेला वारा उतारावर आदळला की वर वळतो, आणि त्या वर जाणाऱ्या हवेच्या पट्ट्यात पंख तरंगत राहतो. त्याच डोंगराच्या पाठीमागे मात्र वारा भोवरे घेत खाली कोसळतो. तिकडे गेलेला पंख मिटतो, म्हणून डोंगरामागची बाजू वर्ज्य. दुसरा मार्ग आपल्या जमिनीचा. नांगरून पडलेले काळे रान उन्हाने लवकर तापते. शेजारचा भिजवलेला ऊस थंड राहतो. तापलेल्या रानावरची हवा हलकी होऊन बुडबुड्यासारखी वर सुटते. पंख न हलवता गोल गोल चढत जाणारी घार तुम्ही पाहिली असेल, ती ह्याच हवेवर स्वार झालेली असते. उडणारी माणसे घारी शोधतात आणि त्यांच्यामागे जातात. माती तापल्याची वर्दी आपल्याला पायाच्या तळव्याने मिळते, त्यांना ती घारीकडून. हीच तापलेली हवा जमिनीलगत धूळ-पाचोळा घेऊन फिरू लागली की आपण तिला वावटळ म्हणतो. उतरताना त्यांना तिचे फार भय असते. भर दुपारी कुणाला रानात उतरायचे असेल आणि बांधावर वावटळ उठलेली तुम्हांला दिसली, तर हात करून दाखवा. वरच्याला ती दिसलेली असेलच असे नाही.

क्लबाचे काम म्हणजे नुसते उडणे नव्हे. नवशिक्यांना आधी लहान टेकाडाच्या पायथ्याशी पंख जमिनीवरच फुगवायला आणि सांभाळायला शिकवतात. दिवसेंदिवस तेच. जोडीला एक सुटका-पॅराशूट असते, ते ठरावीक मुदतीने उघडून पुन्हा घडी करावे लागते. प्रत्येक उड्डाणाची वहीत नोंद, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला बांधलेली कापडी फीत, आणि कधी नेमक्या खुणेवर पाय टेकण्याची शर्यत. नोकरदार माणसे शनिवार-रविवार मुंबई-पुण्याहून येतात. त्यांच्यात शिस्त आहे, हे मला कबूल करायला हवे. अर्थात सगळ्यांत सारखी नाही.

आता आपल्या बाजूचे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी भात बाहेर पडला आणि ह्या पट्ट्याला नाव मिळाले. भात निघाल्यावर खाचरात ओल असते, त्या ओलीवर आपण हरभरा, मसूर, वाल पेरतो. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस खाचर वरून पाहणाऱ्याला रिकामेच दिसते. धसकटे दिसतात, खालचे बी दिसत नाही. एक माणूस उतरला तर त्याच्या पावलांनी फारसे बिघडत नाही. खरे नुकसान होते ते त्याच्यामागे धावत येणाऱ्या पोराटोरांनी, बघ्यांनी आणि सामान न्यायला बांध ओलांडून आत घातलेल्या जीपने. ओलसर जमिनीवरून जीप गेली की चाकोरीखालची माती घट्ट बसते आणि बांधाचा कोपरा ढासळतो. तेव्हा त्याचे काही वाटत नाही. जूनमध्ये चिखलणीच्या वेळी खाचरात पाणी ठरत नाही, मग आठवते.

म्हणून माझे सांगणे असे, की दसऱ्याच्या सुमारास, कापणीच्या आधीच, गावाने आणि क्लबाने एकत्र बसावे आणि चार ओळी लिहून ठेवाव्यात. कोणत्या गटात उतरायचे, कोणत्या तारखेपासून, भाडे किती, गाडी कुठे थांबवायची, बांध फुटला तर कोणी घालून द्यायचा. डोंगरावर विडी-काडी बंद, हेही लिहावे. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पडली तर डोंगराची सगळी वैरण जाते. पेरलेल्या खाचराच्या कडेला बांबूवर लाल फडके लावायचे ठरवा. त्यांना वाऱ्याची दिशाही कळेल आणि पेरणी झाल्याचेही. तोंडी बोलण्यावर राहू नका. ह्या वर्षी आलेला माणूस पुढच्या वर्षी येईलच असे नाही. राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यात असे उपक्रम पैसे घेऊन चालवणाऱ्यांना नोंदणीची अट आहे. नोंदणीचा कागद दाखवा म्हणणे हा तुमचा आगाऊपणा नाही.

आणि हे करताना आपला भाव कमी समजू नका. मावळात प्लॉट पडताहेत, प्लॉटला तारेचे कुंपण येते, कुंपणाबरोबर विजेचे खांब येतात. तार आणि खांब उतरणाऱ्याचे वैरी. जो शेतकरी अजून भात लावतो आणि भातानंतर खाचर मोकळे ठेवतो, त्याच्यामुळेच ह्यांना पाय टेकायला जागा उरली आहे. क्लबातल्या जाणत्यांना हे ठाऊक असते.

अपघाताचेही बोलू, कारण मदतीला पहिला पोचतो तो जवळच्या बांधावरचा माणूस. एक खूण लक्षात ठेवा. सुखरूप उतरलेला माणूस आपला पंख लगेच गोळा करतो. पंख बराच वेळ तसाच पसरून पडला असेल, तर माणसाला मदत हवी आहे असे समजून धावत जा. वारा असेल तर आधी पंखाची मागची कड धरून तो गुंडाळा, नाहीतर जखमी माणूस फरफटत जाईल. मग त्याला हलवू नका, उठवून बसवू नका, डोक्यावरचे शिरस्त्राण काढू नका, पाणी पाजू नका. पाठीच्या कण्याला मार असू शकतो आणि चांगल्या हेतूने उचललेला माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो. १०८ क्रमांकाला फोन करा आणि गाडीला वाट दाखवायला एकाला रस्त्यावर उभे करा. पंख विजेच्या तारेवर अडकला असेल तर बांबूनेसुद्धा शिवू नका, दूर उभे राहा, आणि महावितरणकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणाला जवळ जाऊ देऊ नका. कोणी विहिरीत किंवा धरणाच्या पाण्यात पडला तर घाई करावी लागते. खुर्चीच्या पाठीतल्या फोममुळे माणूस पालथा तरंगतो आणि भिजलेल्या दोऱ्या पायांत गुंततात. पोहणाऱ्यानेही दोऱ्यांच्या जाळ्यात शिरू नये, जवळ चाकू ठेवावा.

गावाला ह्यातून मिळते काय, असे कोणी विचारील. जीपचे भाडे, चहा-जेवण, मुक्कामाची खोली. ह्यापुढेही जाता येते. हिमाचल प्रदेशात कांगडा जिल्ह्यात बीर गाव आहे. वर बिलिंगला उड्डाण, खाली बीरला उतरणे. २०१५ साली तिथे पॅराग्लायडिंगची जागतिक चषक स्पर्धा झाली. तिथली स्थानिक मुले आज पाहुण्यांना पुढे बसवून स्वतः पंख चालवतात. तुमच्या मुलाला ओढ असेल तर त्याला नुसते ओझे वाहायला पाठवू नका, शिकायलाही घाला, आणि कराराच्या कागदावर गावच्या दोन मुलांच्या शिक्षणाची अट टाका. घरातल्या आईला काळजी वाटेल, ती रास्त आहे. ज्याला वारा बरा नाही म्हणून खाली उतरून घरी यायची लाज वाटत नाही, असा मुलगा निवडा.

उन्हाळ्यात रब भाजायचा असेल त्याच्या आदल्या दिवशी क्लबाला कळवा. रबाऐवजी गादीवाफा करा असे आमचे खाते सांगते ते वेगळे, पण भाजणारे भाजतातच. लांबचा धूर त्यांना वाऱ्याची दिशा दाखवतो, पण ऐन उतरण्याच्या जागेवरचा धूर खालची तार झाकतो.