शर्टाचे शेवटचे बटण

औंढ्याहून वसमतेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे शिरड शहापूर हे गाव मल्लिनाथाच्या जैन मंदिरासाठी दूरवर ज्ञात असले, तरी या मुलखातले अनेक संसार हळदीवर चालतात. हंगामात शिजवून वाळवलेल्या हळदीच्या राशीशी बसून हळकुंडे एका बाजूस आणि गड्डे दुसऱ्या बाजूस, असे तासन्‌तास न चुकता निवडणारा एखादा विशीतला तरुण दृष्टीस पडतो आणि त्याच्याकडे पाहून शेजारची आजी म्हणते, "लेकरू खुळं हाय, पर लय गरीब हाय." या वाक्यात माया पुष्कळ आहे, परंतु बौद्धिक अक्षमतेविषयीचे आपले बहुतेक गैरसमजही त्या 'खुळं' शब्दाच्या आडोशाने सुखेनैव नांदत आहेत.

गैरसमज : हा वेडाचाच प्रकार आहे.

वस्तुस्थिती : मनोविकार कोणत्याही वयात जडू शकतो व बहुधा उपचारांनी आटोक्यात येतो, उलट बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या वयातच प्रकट होणारी अवस्था असून ती रोग नव्हे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनोविकाराच्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळली आहे. सोबत फेफरे असल्यास त्याला औषध हवेच; पण बुद्धी वाढवण्याचे औषध, गंडा अथवा अंगारा कोणापाशीही नाही, आणि 'लगीन लावून द्या, सुधारंल' हा सल्ला तर एका जिवाऐवजी दोघांना संकटात लोटणारा आहे.

गैरसमज : आईने ग्रहण पाळले नाही.

वस्तुस्थिती : ग्रहणाचा येथे काडीमात्र संबंध नाही. 1959 साली फ्रेंच संशोधक जेरोम लझ्यून यांनी बौद्धिक अक्षमतेस कारण ठरणाऱ्या डाउन सिंड्रोमच्या मुळाशी 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे दाखवून दिले. त्याखेरीज प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे, गरोदरपणी आयोडीनची उणीव, नवजाताची तीव्र कावीळ, अशी अनेक कारणे संभवतात. मामाच्या मुलीशी विवाहासारख्या रक्ताच्या नात्यातल्या लग्नांत काही आनुवंशिक विकारांचा धोका वाढतो. आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. जन्मजात थायरॉइडची कमतरता मात्र पहिल्या काही आठवड्यांत ओळखून औषध सुरू केल्यास बुद्धीची हानी बहुतांशी टळते.

गैरसमज : बुद्ध्यांक म्हणजेच माणसाचे माप.

वस्तुस्थिती : व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीचे मराठी व कानडी रूप सिद्ध केले, आणि ते आजही वापरात आहे. परंतु केवळ त्या आकड्यावर निदान होत नाही. अमेरिकेतील एडगर डॉल यांनी 1935 च्या सुमारास रचलेल्या सामाजिक परिपक्वतेच्या मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर ए. जे. मॅलिन यांनी नागपुरात केले. तिच्यातले प्रश्न गणिताचे नाहीत; हा स्वतःच्या हाताने जेवतो काय, कपडे घालतो काय, एकटा गावात जाऊन परततो काय, अशी पालकांची साधी जबानीच ती नोंदवते. पुढे 1992 साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनेने अक्षमतेचे वर्गीकरण बुद्ध्यांकाऐवजी लागणाऱ्या आधाराच्या प्रमाणावर करण्याची दिशा घेतली : प्रसंगोपात्त, मर्यादित, विस्तृत की अखंड? 'याला किती बुद्धी आहे?' हा प्रश्न मागे सरून 'याला कोठे, किती हात द्यावा?' हा प्रश्न पुढे आला.

गैरसमज : शिकवून उपयोग नाही.

वस्तुस्थिती : शिकवण्याची रीत बदलावी लागते. शर्ट घालणे हे आपल्या लेखी एक काम. शिक्षक त्याचे तुकडे पाडतो, सगळी बटणे स्वतः लावतो आणि केवळ शेवटचे मुलावर सोपवतो. ते जमले की शेवटची दोन, मग तीन. अशा रीतीने दर वेळी काम पुरे केल्याचा आनंद मुलाच्याच वाट्याला येतो. मुंबईचे जय वकील विद्यालय 1944 पासून आणि पुण्याची कामायनी 1964 पासून अशा शिक्षणाचे काम करीत आहेत. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्याने ठरावीक प्रमाणातील अक्षमतेचा दाखला असलेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे.

गैरसमज : आईबापांमागे भावकीच वाली.

वस्तुस्थिती : भावकीचा लोभ आणि जमिनीचा सातबारा यांचे नाते गावाला ठाऊक आहेच. म्हणून 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने 18 वर्षांनंतरच्या कायदेशीर पालकत्वाची तजवीज केली. अर्जावर निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीत जिल्हा दंडाधिकारी असतात, आणि नेमलेल्या पालकास मिळकतीची यादी सहा महिन्यांत सादर करावी लागते.

सायंकाळी हळदीच्या राशीशी मजुरीचे वाटप होते. इतरांच्या हाती नोटा पडतात आणि त्या तरुणाच्या हाती बिस्किटाचा पुडा. त्याला नोटा मोजता येत नसतील. त्या मोजून देणारा माणूस हवा, एवढाच त्याचा अर्थ. मजुरी मात्र त्याने इतरांइतकीच कमावलेली असते.