डोळे आले, पाय गेले

१९७१ साली मुंबईत डोळ्यांची साथ आली. डोळे येणं आपल्याला नवं नाही. चार-सहा दिवस डोळे चिकटतात, लाल होतात आणि बरे होतात. ही साथ मात्र निराळी होती. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्ताचे डाग उमटत, पापण्या टम्म फुगत आणि घरातल्या एकाला झाली की बाकीचेही सुटत नसत. १९६९ मध्ये ती आफ्रिकेतल्या घानात पहिल्यांदा दिसली. त्याच सुमारास अपोलो ११ चंद्रावर उतरलं होतं, म्हणून तिकडे या आजारालाच ‘अपोलो’ म्हणू लागले. दोन वर्षांनी ती बंगालात शिरली, तेव्हा सीमेपलीकडून, आजच्या बांगलादेशातून, निर्वासितांचे लोंढे येत होते. तिथे तिचं नाव पडलं ‘जय बांगला’.

मुंबईत या साथीच्या मागोमाग काही निराळेच रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. त्यांत बरेचसे कालपरवापर्यंत धडधाकट असलेले पुरुष होते. आधी कंबरेतून पायांत जीवघेण्या कळा यायच्या. मग एक पाय उचलेना, पाठोपाठ दुसऱ्याचीही ताकद जाई, पण दोन्ही पाय सारखे नाही; एक जास्त, दुसरा कमी. मांड्यांचे स्नायू ढिले पडत. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नसे.

असा रुग्ण डोळ्यांची गोष्ट आपणहून सांगत नाही. पाय लुळा पडलेला माणूस पायाबद्दल बोलणार. तीन आठवड्यांपूर्वी आलेले आणि बरेही झालेले डोळे त्याच्या ध्यानातही नसतात. ते विचारावं लागतं. एकाला विचारावं लागतं, मग दुसऱ्याला, मग दहाव्याला. आणि दहाही उत्तरं एकाच वहीत लिहून ठेवावी लागतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात हे काम करणाऱ्या डॉक्टरांचं नाव नोशीर होरमसजी वाडिया. पी. एफ. इराणी आणि एस. एम. कात्रक या सहकाऱ्यांसह त्यांनी १९७२ आणि १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा संबंध मांडला. डोळ्यांची ही साथ क्वचित एखाद्याच्या मज्जारज्जूपर्यंत आणि तिथून निघणाऱ्या नसांच्या मुळांपर्यंत पोचते, हे जगापुढे आलं.

हा पोलिओ नव्हे, मग काय?

मज्जाविकारांचा डॉक्टर, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, रुग्णाकडे पाहताना दोन प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. बिघाड कुठे आहे? आणि बिघाड काय आहे? पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तो दुसऱ्याकडे जात नाही. या रुग्णांचं दुखणं नसांच्या वाटेने उतरत होतं, म्हणून मुळांकडे बोट दाखवता येत होतं. स्नायू ढिले आणि हातोडीला उत्तर नाही, म्हणजे मेंदूतला बिघाड नव्हे. स्पर्शाची जाण बहुतांशी शाबूत, म्हणजे मार बसला होता तो मुख्यतः हालचाल घडवणाऱ्या पेशींना.

मग काय बिघडलं? एक संशयित ठाऊक होता. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्त्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या लुळेपणाचं वर्णन केलं, तो गियाँ-बारे सिंड्रोम, आपल्याकडे तोंडात बसलेला ‘जीबीएस’. पण जीबीएसमध्ये लुळेपणा सहसा दोन्ही बाजूंनी सारखा चढतो आणि पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात प्रथिनं वाढलेली, पेशी मात्र जेमतेम असतात. इथे लुळेपणा डावा-उजवा वेगवेगळा होता आणि पाठीतल्या पाण्यात पेशीही वाढलेल्या होत्या. चेहरा पोलिओचा होता, पण पोलिओ बहुतेक लहान मुलांना गाठतो आणि हे तर मोठे लोक होते.

उत्तर विषाणूच्या कुळात होतं. जपानी शास्त्रज्ञांनी या साथीतून वेगळा काढलेला विषाणू म्हणजे एंटेरोव्हायरस ७०, पोलिओच्याच घराण्यातला. १९८१ मध्ये मुंबईत ही साथ परत आली तेव्हा वाडिया आणि त्यांचे सहकारी तयारीत होते. रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीसाठी जपानी प्रयोगशाळेशी हात मिळवून त्यांनी हा संबंध आणखी पक्का केला. काही रुग्ण पुढे सावरले, काहींच्या पायांत कायमची कसर राहिली.

ही सगळी गोष्ट कुठल्याही महागड्या यंत्राआधी सुरू झाली. तिच्या मुळाशी होता एक जादा प्रश्न आणि त्याची नोंद.

रेंगाळणारी नजर

वाडियांचा जन्म १९२५ सालचा. इंग्लंडमध्ये मज्जाविकारशास्त्राचं शिक्षण घेऊन ते परतले तेव्हा भारतात या शाखेचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्थासुद्धा १९५१ मध्येच स्थापन झालेली. परदेशी पाठ्यपुस्तकं तिथल्या रुग्णांवरून लिहिलेली होती. जे. जे.च्या ओपीडीत रांग लावून बसलेल्या माणसांचे आजार त्या पुस्तकांत असतीलच असं नव्हतं. मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा जन्मजात दोषामुळे निसटून मज्जारज्जू दाबला जाणं हे आपल्याकडे बऱ्यापैकी दिसे. १९६७ मध्ये अशा २८ रुग्णांचा अभ्यास वाडियांनी ‘ब्रेन’ या नामांकित नियतकालिकात छापला.

पण त्यांचं नाव वैद्यकाच्या इतिहासात पक्कं झालं ते डोळ्यांच्या एका हालचालीमुळे.

ती पाहायला कसलंही साधन लागत नाही. रुग्णाला समोर बसवायचं. डोकं न हलवता आधी उजवीकडच्या बोटाकडे, मग झटकन डावीकडच्या बोटाकडे बघायला सांगायचं. तुमचे-माझे डोळे एका झेपेत तिथे पोचतात. सेकंदाला शेकडो अंश इतका त्या झेपेचा वेग असतो, मधला प्रवास पाहणाऱ्याला जाणवतही नाही. या रुग्णांचे डोळे मात्र निघतात आणि रेंगाळत, सरकत सरकत जातात. मधला सगळा प्रवास दिसतो. आजार वाढला की रुग्ण डोळे पोचवण्यासाठी पापण्या मिटतो किंवा मानच फिरवतो. त्याच्या बायकोला, आईला हे कधी जाणवलेलं नसतं. त्यांनी पाहिलेलं असतं ते त्याचं झोकांड्या देत चालणं, अडखळतं बोलणं, पेला धरताना कापणारा हात.

लहान मेंदू झिजला की तोल जातो हे जुनंच ज्ञान होतं. घराण्यात उतरणारे असे आजारही ठाऊक होते. पण तोल जाणं आणि नजर मंदावणं ही जोडी काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एकत्र चालते, हे वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’मध्ये मांडलं. नऊ कुटुंबं होती. हा आनुवंशिक आजाराचा नवा प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

नऊ कुटुंबं म्हणजे नऊ वंशावळी. चुलता असा चालायचा का, आत्या कशाने गेली, आजोबांना दारू पितात म्हणून लोक हसायचे ते खरंच पीत होते का, हे सगळं विचारायचं. घरोघरी अशा आठवणींवर लाजेचा पडदा असतो. लग्नं मोडतील या भीतीने माणसं आजार लपवतात. डॉक्टरवर विश्वास बसल्याशिवाय ही माहिती बाहेर येत नाही आणि विश्वास एका भेटीत बसत नाही.

पंचवीस वर्षांनी मिळालेलं उत्तर

आजाराचं मूळ सापडलं १९९६ मध्ये. तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी बाराव्या गुणसूत्रावरचं एक जनुक शोधून काढलं. त्यात ‘सीएजी’ हा तीन अक्षरी संकेत लागोपाठ येतो. निरोगी माणसांत तो बहुधा २२ वेळा असतो. साधारण ३३ च्या पुढे गेला की आजार होतो. आई किंवा वडील, एकाकडून जरी हे वाढलेलं जनुक आलं तरी पुरतं, म्हणून प्रत्येक मुलामागे धोका निम्मा. पुढच्या पिढीत ही संख्या वाढू शकते, त्यामुळे बापाला चाळिशीत जडलेला आजार मुलाला विशीतच गाठू शकतो. या आजाराला आज एससीए-२ म्हणतात.

१९९८ मध्ये वाडिया पुन्हा ‘ब्रेन’मध्ये आले. सहा भारतीय घराण्यांच्या जनुकांची तपासणी झाली होती आणि रेंगाळणारी नजर ही या आजाराची महत्त्वाची खूण आहे हे त्यातून दिसलं. पहिल्या निबंधापासून सत्तावीस वर्षं गेली होती. त्यांनी वयाच्या चाळिशीत डोळ्यांनी टिपलेल्या गोष्टीला सत्तरी ओलांडल्यावर रेणूच्या पातळीवर दुजोरा मिळाला. याच जनुकातली मध्यम वाढ एएलएस या स्नायू गळवणाऱ्या आजाराचा धोका वाढवते, असं २०१० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. एका आजाराचा मागोवा दुसऱ्या आजाराच्या दारात जाऊन पोचला.

वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं. २०१६ मध्ये ते गेले. भारतीय रुग्णांवर आधारलेलं मज्जाविकारांचं मोठं पाठ्यपुस्तकही त्यांच्या संपादनाखाली तयार झालं.

एकाच माणसाची तीन कामं

असं काम करणारा न्यूरोलॉजिस्ट व्हायला आज एमबीबीएसची इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि डीएमची तीन, मिळून साडेअकरा वर्षं लागतात. प्रवेश परीक्षांत गेलेली वर्षं वेगळीच. त्यानंतर शिक्षक-संशोधक व्हायचं ठरवणारा माणूस एका वेळी तीन कामं अंगावर घेतो. तो रुग्ण पाहतो, निवासी डॉक्टरांना शिकवतो आणि या दोन्हींतून उभे राहणारे प्रश्न पुढे नेतो.

ही कामं एकमेकांपासून तोडता येत नाहीत. नसेच्या तपासणीचंच बघा. मनगटावर विजेचा हलका झटका देऊन तो संदेश नसेतून किती वेगाने जातो ते मोजतात. हाताच्या निरोगी नसेत तो सेकंदाला साधारण पन्नास मीटर असतो. विजेच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टन असतं तसं नसेच्या तंतूवर मायलिनचं आवरण असतं. आवरण खराब झालं तर वेग पडतो. आतला तंतूच मेला तर वेग फारसा पडत नाही, संदेशाची ताकद पडते. कागदावर हे दोन आकडे आहेत. पण आवरण पुन्हा चढतं आणि रुग्ण बहुधा लवकर सावरतो. तंतू वाढतो तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. ‘साहेब, मी परत चालेन का?’ या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत दडलेलं असतं. ते वाचायला निवासी डॉक्टरला रुग्णाच्या खाटेशी उभं राहूनच शिकावं लागतं, आणि रुग्ण सहा महिन्यांनी कसा आहे हे पाहिल्याशिवाय शिकवणाऱ्यालाही आपलं उत्तर बरोबर होतं की नाही हे कळत नाही.

पुण्याने दिलेली आठवण

२०२५ च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा आजार एका भागात इतका कसा, हे विचारल्यावर माग पाण्याकडे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब घडवणारा जिवाणू मिळाला. त्याच्या आवरणातली साखर आपल्या नसांवरच्या साखरेसारखी दिसते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच नसांवर उलटतात. जुलाब थांबतात, आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय जड होतात.

पन्नास वर्षांपूर्वीचं डोळे आणि पाय, आताचं पोट आणि पाय. दोन्ही वेळी आजार वेगळा, पण धागा जुळला तो रुग्णाला आधीच्या महिन्याबद्दल विचारल्यामुळे आणि उत्तरं एकत्र ठेवल्यामुळे.

आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत आजही जगाला न दिसलेले आजार रांगेत बसलेले असतील. तिथला डॉक्टर एका रुग्णाला मोजकी मिनिटं देऊ शकतो, कारण मागे रांग उभी असते. त्याच्याकडून वंशावळ लिहून घेण्याची, वर्षानुवर्षं एका कुटुंबाच्या संपर्कात राहण्याची अपेक्षा करायची, तर त्याला तेवढा वेळ, नोंदी सांभाळणारा माणूस आणि बदलीची टांगती तलवार नसलेली नोकरी द्यावी लागेल. हे मागण्याचा हक्क आपल्याला आहे, कारण या रुग्णालयांचा खर्च आपल्याच खिशातून होतो.

आणि आपणही एक गोष्ट देणं लागतो. डॉक्टरने आजोबांच्या चालण्याबद्दल, मागच्या महिन्यातल्या जुलाबांबद्दल विचारलं, तर ‘त्याचा काय संबंध’ असं म्हणू नये. संबंध आहे की नाही हे ठरवणं त्याचं काम आहे. खरं आणि पूर्ण सांगणं आपलं. घराण्यात तोल जाण्याचा आजार असेल तर तो लपवून लग्नं जुळवण्यापेक्षा आज जनुकांची तपासणी आणि समुपदेशन मिळू शकतं. वाडियांना ज्या नऊ कुटुंबांनी आपल्या घरची गोष्ट विश्वासाने सांगितली, त्यांच्या बोलण्याचाही आज जगभरच्या रुग्णांना आपल्या आजाराचं नाव कळण्यात वाटा आहे.