पिन, पंप आणि वॉशर

माळ्यावरून खाली काढलेल्या पितळी स्टोव्हचा पंप मी दहा-बारा वेळा मारला. दांडी लोण्यात सुरी जावी तशी आतबाहेर होत होती. टाकीत हवा जातच नव्हती. आजी असती तर तिने पंप बघितलाही नसता, नुसत्या आवाजावरून सांगितलं असतं, "वायसर वाळलाय रे. खोबरेल घाल."

दांडी उपसून काढली. तिच्या टोकाला रुपयाच्या नाण्याएवढी चामड्याची वाटी होती, वाळून खारकेसारखी झालेली. ती दहा मिनिटं खोबरेल तेलात बुडवली, बोटांनी चोळून तिच्या कडा उलगडल्या आणि परत बसवली. तिसऱ्याच दट्ट्याला हाताला आतून विरोध जाणवला. हवा धरली. मग बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवलं, ते संपत आल्यावर चावी आवळली, पंप मारला आणि वीस-पंचवीस वर्षं मुका असलेला तो स्टोव्ह एकदम फरफरू लागला.

हा आवाज महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानात आहे. चाळीतली पहाट याच आवाजाने व्हायची. रेशनचं रॉकेल, त्यासाठीची रांग, डब्यावरचं नरसाळं, काकडा, पिन आणि गल्लीत ओरडत फिरणारा स्टोव्ह रिपेरीवाला, असा त्याचा सगळा संसार होता. गॅस आला आणि स्टोव्ह माळ्यावर गेला. पण ज्याला आपण चहाचं आधण ठेवण्याचं साधन समजत होतो, त्याच यंत्रावर दोन्ही ध्रुवांकडे निघालेल्या आणि एव्हरेस्टवर चढलेल्या माणसांचे जीव टिकले होते, हे आजीला कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ते फार उशिरा कळलं.

मेकॅनिकची युक्ती

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्टॉकहोमच्या मेकॅनिकने १८९२ च्या सुमारास हा स्टोव्ह तयार केला आणि त्याला नाव दिलं ‘प्रायमस’. तोवरचे रॉकेलचे स्टोव्ह वातीवर चालत. वातीची ज्योत पिवळी, काजळी धरणारी आणि मंद. लिंडक्विस्टने वातच काढून टाकली. पंपाने टाकीत हवा दाबायची, त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढवायचं, आधीच तापवलेल्या बर्नरच्या पोटात त्याची वाफ करायची आणि ती वाफ निपलच्या सुईएवढ्या भोकातून जोरात सोडायची. बाहेर पडताना ती आजूबाजूची हवा ओढून घेते, दोन्ही मिसळून पेटतात आणि निळी, बिनधुराची ज्योत मिळते. एकदा पेटला की बर्नर स्वतःच्याच आचेने तापलेला राहतो.

सगळी कळ तीन जागी आहे. निपलचं भोक साफ हवं, त्यासाठी पिन. टाकीत दाब हवा, त्यासाठी पंप. आणि पंपाला पकड हवी, त्यासाठी चामड्याचा वॉशर. दांडी आत ढकलली की वाटीच्या कडा नळीला चिकटतात आणि हवा पुढे रेटली जाते. दांडी मागे ओढली की कडा आवळतात आणि नवी हवा आत येते. तिन्ही गोष्टी हाताने दुरुस्त करता येतात, तेही अंधारात, हातमोजे घालून. बर्फाळ प्रदेशात या यंत्राला एवढी किंमत आली ती यामुळे.

बर्फात तहान लागते

हिमप्रदेशात माणूस थंडीने मरतो, अशी आपली समजूत असते. थंडी मारतेच, पण तिच्या आधी तहान माणसाला पोखरते. उंचावरची आणि ध्रुवावरची हवा कोरडी असते. धापा टाकताना प्रत्येक श्वासासरशी शरीरातलं पाणी बाहेर जातं. रक्त घट्ट होतं, बोटांपर्यंत नीट पोचत नाही आणि हिमदंश व्हायला वाट मोकळी होते. चहूकडे पाणीच पाणी असतं, पण गोठलेलं. ते तसंच चघळावं तर वितळवण्याचा खर्च शरीराच्या उष्णतेतून जातो.

हा खर्च किती, त्याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाने करता येतो. उणे २० अंशांचा एक किलो बर्फ शून्यावर आणायला १० किलोकॅलरी लागतात. शून्यावरच्या बर्फाचं शून्यावरचंच पाणी करायला आणखी ८०. ते प्यायला ऊन, म्हणजे ५० अंशांचं करायचं तर आणखी ५०. एकूण १४०. रॉकेलच्या किलोमागे दहा हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. त्यातली निम्मी वाऱ्यावर गेली असं धरलं, तरी लिटरभर पाण्याला २८ ग्रॅम रॉकेल पुरतं. माणशी रोज चार लिटर पाणी म्हटलं तर छोटा पेलाभर. तेवढं रॉकेल आणि ते नीट जाळणारं यंत्र, यांवर एका माणसाचा दिवस चालतो.

नॉर्वेचा फ्रिड्यॉफ नान्सेन हा हिशेब पक्का जाणून होता. त्याने एकात एक बसणारी ॲल्युमिनियमची भांडी बनवून घेतली. मधल्या भांड्यात जेवण शिजायचं आणि एरवी वाया जाणारी आच बाजूच्या व वरच्या भांड्यांतला बर्फ वितळवायची. १४ मार्च १८९५ रोजी ‘फ्राम’ जहाज सोडून तो यालमार योहान्सेनबरोबर उत्तर ध्रुवाकडे निघाला तेव्हा स्लेजवर प्रायमस होता. ध्रुव हाती लागला नाही, पण ८६ अंशांपलीकडे, तोवर कुणी गेलं नव्हतं इतक्या उत्तरेला ते पोचले आणि जिवंत परतले. वीसेक लिटर रॉकेलवर त्यांनी सुमारे १२० दिवस दोन वेळचं गरम जेवण आणि पाणी भागवलं. आपल्याकडची काटकसरी गृहिणीही या हिशेबाला दाद देईल.

डब्याच्या झाकणातली चूक

१९११-१२ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे दोन तुकड्या निघाल्या, नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनची आणि ब्रिटनच्या रॉबर्ट स्कॉटची. स्टोव्ह दोघांकडेही प्रायमसच होते. फरक होता रॉकेलच्या डब्यांत. स्कॉटच्या डब्यांच्या झाकणांना चामड्याचे वॉशर होते. पंपातला वॉशर तेलात राहतो, सारखा हलतो, म्हणून मऊ असतो. झाकणाखालचा वॉशर महिनोन् महिने थंडीत निपचित पडला, आखडला आणि फटी पडल्या. रॉकेल हळूहळू उडून गेलं. परतीच्या वाटेवर एकेका साठ्याशी पोचून डबा उचलावा तर तो हलका लागे. अमुंडसेनला रॉकेलची ही खोड ठाऊक होती. त्याने डब्यांची तोंडं डाग देऊन बंद केली होती.

एकट्या रॉकेलने स्कॉटचा घात केला असं म्हणणं खरं होणार नाही. अपुरा आहार, हिमदंश, थकवा आणि त्या मार्चमधली असामान्य थंडी या सगळ्यांनी मिळून तो केला. पण शेवटचे दिवस वाचले की इंधनाची टंचाई ओळीओळीत दिसते. २९ मार्च १९१२ च्या शेवटच्या नोंदीत स्कॉटने लिहून ठेवलं, की २० तारखेला माणशी दोन कप चहापुरतं इंधन आणि दोन दिवसांचं जेमतेम अन्न उरलं होतं. बाहेर वादळ थांबत नव्हतं. अन्न आणि रॉकेल भरलेला मोठा साठा तिथून सुमारे २० किलोमीटरवर होता. स्कॉट आणि त्याचे साथीदार विल्सन व बॉवर्स यांचे मृतदेह नोव्हेंबरमध्ये तंबूतच सापडले.

अमुंडसेन परतताना माउंट बेटी या टेकाडावर दगडांची रास रचून तिच्यात सतरा लिटर रॉकेल आणि काडेपेट्या ठेवून गेला. मागून कुणी आलं तर उपयोगी पडावं म्हणून. १९२९ मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक लॉरेन्स गूल्डच्या तुकडीला ती रास सापडली.

होडीतलं स्वयंपाकघर

अर्नेस्ट शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज अंटार्क्टिकाजवळच्या बर्फात चिरडलं, माणसं एलिफंट बेटावर अडकली. मदत आणण्यासाठी २४ एप्रिल १९१६ रोजी शॅकल्टनसह सहा जण ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या बावीस-तेवीस फुटी होडीतून दक्षिण जॉर्जियाकडे निघाले. समोर होता जगातला सगळ्यांत खवळलेला समुद्र आणि सुमारे ८०० सागरी मैलांचं अंतर.

त्या होडीत स्वयंपाक कसा होत असेल याची कल्पना करून बघा. ताठ बसायलाही जागा नाही. समोरासमोर बसलेल्या दोघांनी पायांच्या कचाट्यात स्टोव्ह धरायचा. होडी कलली की पातेलं चटकन उचलायचं, सावरली की परत ठेवायचं. असं दोन आठवडे चाललं. दर जेवणाला प्रत्येकाच्या हातात वाफाळता मग पडत होता, आणि त्याच्याच आधारावर भिजलेली, काकडलेली माणसं पुढची पाळी काढत होती. १० मे रोजी होडी किनाऱ्याला लागली, पण बेटाच्या चुकीच्या बाजूला. मग शॅकल्टन, वोर्सली आणि क्रीन या तिघांनी नकाशा नसलेले डोंगर ३६ तासांत ओलांडले. सामान इतकंच: तीन दिवसांचं अन्न, पन्नास फूट दोर, सुताराची वाकस आणि सहा जेवणांपुरतं रॉकेल भरलेला प्रायमस. झोपायच्या पिशव्याही त्यांनी मागे ठेवल्या, स्टोव्ह मात्र घेतला. एलिफंट बेटावरचे बावीसही जण पुढे सुखरूप सुटले.

मेणबत्ती आणि स्टोव्ह

या यंत्राची किंमत सगळ्यांत नेमकी कुणी सांगितली असती तर ती तेनसिंग नोर्गेने. मे १९५२ मध्ये एव्हरेस्टवरच्या स्विस मोहिमेत रेमंड लाम्बेरबरोबर त्याने ८४०० मीटरवर एका छोट्या तंबूत रात्र काढली. झोपायच्या पिशव्या नव्हत्या, स्टोव्ह नव्हता. रिकाम्या डब्यात बर्फ घेऊन तो मेणबत्तीवर धरला आणि घोटभर पाणी मिळवलं. सकाळी दोघे निघाले आणि शिखर अडीचशे मीटरवर असताना परत फिरले. ऑक्सिजनची उपकरणं नीट चालत नव्हती हे कारण होतंच, पण शरीरात पाणीही उरलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेत ग्रिफिथ प्यू हे शरीरशास्त्रज्ञ होते. स्विस गिर्यारोहक शेवटच्या दिवसांत किती कमी पाणी प्यायले, हे त्यांनी हेरलं आणि वरच्या छावण्यांवरही भरपूर पाणी मिळालंच पाहिजे असा आग्रह धरला. म्हणजे स्टोव्ह हवे, इंधन हवं आणि ते वर वाहून नेणारे शेर्पा हवेत. २८ मे १९५३ च्या रात्री सुमारे ८५०० मीटरवर तेनसिंग आणि एडमंड हिलरी तंबूत होते तेव्हा शेजारी स्टोव्ह फरफरत होता. दोघे साखर घातलेलं गरम लिंबूपाणी पोटभर प्यायले. बाहेर काढून ठेवलेले हिलरीचे बूट सकाळी गोठून दगड झाले होते. ते त्याने स्टोव्हच्या आचेवर शेकून मऊ केले. तेनसिंगने बूट काढलेच नव्हते, तो शहाणा. साडेसहाला दोघे निघाले आणि साडेअकराला शिखरावर होते.

दुसरी बाजू

स्टोव्ह असला की माणूस वाचतोच असं नाही. स्वीडनचा सॉलोमन आंद्रे १८९७ मध्ये दोन साथीदारांसह हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे उडाला, तीन दिवसांत बर्फावर उतरला आणि नाहीसा झाला. १९३० मध्ये क्वितोया बेटावर तिघांचे अवशेष सापडले. शेजारी प्रायमस होता आणि त्यात रॉकेल शिल्लक होतं. मृत्यूच्या कारणांवर अजून वाद आहेत. बंद तंबूत स्टोव्हमुळे साचलेला कार्बन मोनॉक्साइड ही त्यातली एक शंका. या वायूला वास नसतो, रंग नसतो. आधी डोकं जड होतं, मग झोप येते.

आपल्या घरातही या यंत्राने माणसं मारली. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी एके काळी मराठी वर्तमानपत्रांत इतकी नेमाने येई, की भडका नेमका सुनेच्याच वेळी कसा उडतो, हा प्रश्न लोक कुजबुजत विचारू लागले. काही वेळा स्टोव्ह खरोखर नादुरुस्त असे. काही वेळा तो नुसतं निमित्त असे. या यंत्राची ओळख करून देताना एवढं सांगायलाच हवं.

आता गिर्यारोहक गॅसचे छोटे डबे नेतात. ते हलके असतात आणि लगेच पेटतात. पण साधा ब्युटेन शून्याच्या खाली वायू व्हायलाच नाकारतो, म्हणून त्यात प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळावा लागतो आणि कडाक्याच्या थंडीत तोही मंदावतो. रॉकेलच्या स्टोव्हला दाब हाताने द्यायचा असतो, त्यामुळे थंडी कितीही असली तरी पंप चालतो. सियाचिनवरच्या चौक्यांत बर्फाचं पाणी आजही मुख्यतः रॉकेलवर होतं, आणि बंद निवाऱ्यातल्या काजळीने जवानांचा खाकरा काळा होतो.

हिमालयात जाणारी मुलं बुटांवर आणि जाकिटांवर महिनाभर खल करतात आणि स्टोव्ह मात्र आदल्या दिवशी पिशवीत टाकतात. त्यांना एवढंच सांगणं आहे. निघण्याआधी तो घरी चार वेळा खोला, साफ करा, पेटवा. एकदा हातमोजे घालून, एकदा अंधारात. इंधन माणशी आणि दिवसागणिक मोजा आणि वादळात अडकण्याचे दोन दिवस त्यात धरा. तंबूत पेटवणं टाळा. नाइलाज असेल तर दार उघडं ठेवा आणि कुणालाही झोपू देऊ नका. आणि स्टोव्ह पंपाचा असेल, तर वॉशरला तेल घालायला विसरू नका.